‘झेल्या’चं हरवलेलं रीळ

१

डबा हातात घेताच हलका लागला.

खालच्या शिंप्याकडून मागून आणलेल्या उंच स्टुलावर मी उभा होतो. आमच्या चित्रपट मंडळाच्या खोलीतल्या कपाटाच्या डोक्यावरून काढलेला तो गोल, पत्र्याचा डबा मी ताईच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. काल संध्याकाळी याच डब्यात आम्ही सगळ्यांनी ‘झेल्या’चं रीळ डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘झेल्या’ हा कधीच न बनलेला चित्रपट. तुम्हाला तो माहीत नसेल तर तुमचं नुकसान झालंय, एवढं आधीच सांगून ठेवतो. आमच्या दिग्दर्शकांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, ऐन उमेदीत तो मनाशी रचला. त्यातला सुपरहिरो उडत नाही. कुणाला ठोसा मारत नाही. त्याच्या अंगात शक्ती एकच: वरून कुणीही पडो, हा खाली हजर. गच्चीवरून निसटलेलं मूल, शिडीवरून घसरलेला रंगारी, जीव द्यायला निघालेला कारकून, सगळ्यांना हा अलगद झेलतो, जमिनीवर उभं करतो आणि आपल्या वाटेने चालू लागतो. खलनायक नाही, मारामारी नाही. आहे की नाही बहार?

चाचणी म्हणून त्यातला एकच प्रसंग चित्रित झाला. मग निर्माते शेठ यांनी अंग काढून घेतलं आणि सगळं बारगळलं. तेव्हापासून आमच्या चित्रपट मंडळात दोन तट आहेत, ‘चालला असता’वाले आणि ‘आपटला असता’वाले. या वादापायी मैत्र्या तुटल्या, एक ठरलेली सोयरीकसुद्धा मोडली. मी मंडळाचा चिटणीस आणि पहिल्या तटाचा कट्टर, हे वेगळं सांगायला नको.

दिग्दर्शक गेल्या वर्षी वारले. पुन्हा कुणी त्यांना चित्रपट दिलाच नव्हता. ‘हवेत मनोरे बांधणारा माणूस’ हा शिक्का घेऊनच ते गेले. त्यांच्या ट्रंकेत ताईला हे रीळ सापडलं. कुणीही न पाहिलेलं. आज दुपारी जाहीर वादविवाद होता, विषय फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता: ‘झेल्या बनला असता, तर चालला असता का?’ आणि वाद रंगात आला की ताई ते रीळ पडद्यावर दाखवणार होती. बापाच्या नावावरचा शिक्का पुसायची तिच्याकडे ही एकच संधी होती.

तिने झाकण बंद केलं.

“हे शेठचंच काम. बाबांचा पिक्चर त्यांनी मारला, आता त्याचं मढंही पळवलं.”

मी खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला.

२

आमच्या सौभाग्यवतींबद्दल दोन शब्द. विमा कंपनीत तिने जन्मभर आगी तपासल्या. कुठली आग लागली आणि कुठली लावली, हे ती राखेत काठी फिरवून सांगायची. चित्रपटाचं मात्र तिला वावडं. दिवे मालवले की ही झोपलीच. लग्नानंतर मी हौसेने तिला पहिल्यांदा थिएटरात नेलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसाने तिच्या घोरण्याबद्दल मला दम दिला होता.

ती आली. रिकामा डबा मी पुढे केला, तर तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती फरशी बघत होती.

“किल्ली कुठे असते?”

“दाराबाहेर, कुंडीखाली,” मी म्हणालो. “सगळ्यांना माहीत आहे.”

“मग कुलूप तरी कशाला लावता? बरं, डबा वर ठेवताना कोणकोण होतं?”

ताईने सांगितलं. ती, मी, शेठ, ‘झेल्या’ची भूमिका करणारे हिरोकाका आणि समीक्षक. यातले शेवटचे तिघे दुपारी बोलणार होते. सगळे गेल्यावर ताईने फरशी लख्ख पुसली, स्टूल शिंप्याला परत केलं, कुलूप लावलं. ती कुलूप लावेपर्यंत शिंप्याचं दुकानही बंद झालं होतं, म्हणजे चोराला स्टूल मिळालेलं नव्हतं.

“फरशी नक्की पुसली होती?”

“कोपरा न् कोपरा. पाहुणे येणार म्हणून.”

“मग हे काय?”

खोलीच्या मधोमध आमचं जड लाकडी टेबल आहे. बायको त्याच्या पायाशी बसली होती. मी वाकून पाहिलं. चारही पायांना चिकटून फरशीवर खडूची बारीक खूण होती, काटकोनात वळवलेली. फळ्याखालच्या खडूचाच पांढरा रंग.

“चोराने हे टेबल कपाटाशी नेलं, वर चढला, रीळ काढलं,” ती म्हणाली. “पण त्याआधी त्याने पायांच्या जागा आखून ठेवल्या. का, तर टेबल परत जिथल्या तिथे बसावं. मी घर जाळून विम्यावर हक्क सांगणारे पाहिलेत, पण इतका टापटिपीचा भामटा नाही पाहिला.”

“मग खुणा पुसल्या का नाहीत?” मी विचारलं.

“हाताला सवय असेल ना, तर आपण काय केलं ते डोक्याला कळतसुद्धा नाही. अहो, तुम्ही दिवा मालवून बाहेर जाता आणि जिन्यात मला विचारता, दिवा मालवला का.”

ताई हसली नाही. बायकोने ओला फडका घेतला आणि चारही खुणा स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या.

“अगं, पुरावा पुसतेस?”

“पुरावा परत काढून घेऊ. तिघांना एकेक करून आत पाठवा. आणि रीळ गेलंय हे कुणालाही सांगायचं नाही.”

३

पहिले आले समीक्षक. मंडळात त्यांना ‘दीडतारे’ म्हणतात. आयुष्यात त्यांनी कुठल्याही चित्रपटाला दीडच्या वर तारे दिले नाहीत. अपवाद एकच. ‘झेल्या’ला पाच, कारण तो बनला नाही.

“चालला असता म्हणजे काय, युग बदललं असतं!” ते बसायच्या आधीच सुरू झाले. “मार न देणारा नायक! पाडणाऱ्यांच्या जगात झेलणारा! काय कल्पना आहे, वहिनी!”

“आणि आज रीळ बघितल्यावर भिकार निघालं तर?”

दीडतारे दचकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तसं… नाही होणार. पण खरं सांगू? काल रात्रभर झोप नाही. माझं निम्मं लिखाण त्या न पाहिलेल्या पिक्चरवर उभं आहे.”

मी बायकोकडे अर्थपूर्ण पाहिलं. तिने मला अजिबात दाद दिली नाही.

“जरा एवढं टेबल खिडकीशी, उन्हात घेता का? मला गार वाजतंय.”

दीडताऱ्यांनी टेबल करकर फरफटत नेलं. थोड्या वेळाने तिने परत ठेवायला सांगितलं, तर तिरकं ठेवलं आणि वर खुर्चीला धडकले. आभार मानून तिने त्यांना वाटेला लावलं.

मग शेठ आले. थकलेले, स्थूल, अंगावर शाल. ताईने त्यांच्यापुढे चहा ठेवला तो आदळूनच. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि काही मनाला लावून घेतलं नाही. काल डबा उघडल्यावर हे एकटेच म्हणाले होते, “कशाला जुनं उकरता? नुसता वाद घाला की.” माझ्या मते खटला तिथेच संपला होता.

“शेठ, पिक्चर खरंच आपटला असता?” बायकोने विचारलं.

“आपटलाच असता. ज्या नायकाला शत्रू नाही, त्याच्यासाठी लोक रांगा लावत नाहीत.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल! दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने, पाढे म्हटल्यासारखे.

“एवढं टेबल सरकवता?”

“मला नका सांगू, वहिनी. हा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जड तर उचलवतच नाही.”

“काय झालं होतं?”

“जिन्यावरून पडलो. झाली त्याला बरीच वर्षं.”

बायको त्यांच्या खांद्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग एकदम गोड आवाजात म्हणाली, “चहा घ्या, निवतोय.” ती अशी गोड बोलली की कुणाचं तरी काही खरं नसतं.

शेठ बाहेर जाताच ताई उसळली. “हात चालत नाही म्हणजे काय झालं? माणसं आहेत त्यांच्याकडे हवी तेवढी!”

“पाठवलेला माणूस टेबल आखून ठेवत बसत नाही, बाळ. आणि शेठ जिन्यावरून पडलेले नाहीत. ते खोटं बोलले. फक्त कशासाठी, ते अजून बघायचंय.”

४

हिरो आले आणि खोलीत उजेड पडल्यासारखं झालं. केस पांढरे झालेत, पण माणूस दारात उभा राहिला की अजून दार भरतं. पुढे त्यांना छोटीमोठीच कामं मिळाली. तरी रस्त्यात लोक त्यांना अडवतात आणि “झेल्या!” म्हणून मिठी मारतात. न बनलेल्या चित्रपटाने एवढं प्रेम दिलेला दुसरा नट मला माहीत नाही. आणि त्याची त्यांनी कधी मिजास केली नाही, हे मी मनापासून सांगतो.

“काय गं, दमलीस?” त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

ताईचे डोळे भरून आले. त्या चाचणीच्या प्रसंगात पाण्याच्या टाकीवरून पडणारी चिमुरडी म्हणजे हीच. खाली जाळी बांधली होती ती ऐन वेळी सुटली, आणि काकांनी तिला खरोखर झेललं, हे आमच्या मंडळात पोराटोरांना पाठ आहे. तिला स्वतःला एवढंच आठवतं, की डोळे गच्च मिटले होते आणि कुणीतरी घट्ट धरलं होतं. बाबांनी सांगितलं, काकांनी वाचवलं. हिच्या लग्नात कन्यादानाला आईवडिलांशेजारी तिसरा पाट हिरोंचा होता.

बायकोने त्यांना फारसं काही विचारलंच नाही. पिक्चर चालला असता का, एवढंच.

“धावला असता हो,” ते म्हणाले. “आमचा दिग्दर्शक म्हणजे अफाट माणूस. मला उभं कसं राहायचं हे त्याने शिकवलं. म्हणायचा, वर बघ, पण असं बघ, की पडणाऱ्याची भीती गेली पाहिजे.”

“वा! बरं, जरा टेबल खिडकीशी घेता? गार वाजतंय मला.”

“हो हो, वहिनी, त्यात काय.”

ते सहज फळ्याकडे गेले. खडूचा तुकडा उचलला, टेबलाच्या पायाशी वाकले, आणि गप्पा मारता मारता पहिल्या पायाशी काटकोनाची खूण केली. मग दुसऱ्या. तिसऱ्या पायाशी हात गेला आणि तिथेच थांबला.

त्यांनी खडूकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग, फार हळू, ताईकडे.

५

“सेटवर तुम्ही नट म्हणून आला नव्हतात,” बायको म्हणाली.

“नाही.” हिरो जमिनीवरच बसले. “सामान हलवायला आलो होतो. दोन शॉटच्या मध्ये टेबल हलवायचं तर आधी पायांशी खूण. नाहीतर पुढच्या शॉटमध्ये ते भलतीकडेच दिसतं. खूण विसरलो की शिव्या. नंतर नट झालो, पण हात तेच राहिले.”

“काका?” ताईच्या तोंडून एवढंच निघालं. “तुम्ही? पण तुम्ही तर आमच्या बाजूचे!”

उत्तर बायकोने दिलं. ती अशा वेळी आवाज खाली आणते.

“शेठचा खांदा बघूनच मला शंका आली. जिन्यावरून पडणारा मनगट मोडतो, कंबर मोडतो. खांदा असा कायमचा जातो तो वरून वजन हातात आल्यावर. गोदामात वरून आलेलं पोतं झेलताना हमालांचा जातो, मी ढिगाने पाहिलेत. आता शेठ काही पोती झेलत नव्हते. मग त्यांच्या हातात वरून काय पडलं असेल? तुमच्या या मंडळात वरून पडलेली वस्तू मला एकच ठाऊक आहे.”

ती ताईकडे बघत होती.

“जाळी सुटली,” हिरो म्हणाले. “मी वर बघत होतो, जसं शिकवलं होतं तसं. तू येताना दिसलीस. आणि माझे पाय मागे गेले. ठरवून नाही गं. पाय आपोआप गेले. शेठ कॅमेऱ्यामागे उभे होते. ते धावत आले.”

“आणि इतकी वर्षं…”

“त्यांनीच सांगितलं, पोरगी वाचली ना, मग कुणी झेललं याला महत्त्व नाही. नटाचं आयुष्य नासवू नका. तुझ्या बाबांनी माझं नाव सांगितलं, शेठ हो म्हणाले. मी गप्प बसलो, आणि लोक मिठ्या मारत राहिले.”

ताई भिंतीला टेकली. मला वाटलं ती ओरडेल, पण तिने फार शांतपणे विचारलं, “रीळ जाळलंत?”

“जाळायलाच नेलं होतं. नाही जाळवलं. मशीन नाही माझ्याकडे, पण खिडकीच्या उजेडात धरून एकेक चौकट बघत बसलो. इतकं सुंदर आहे गं ते! आपल्या हाताने कसं जाळू?” त्यांनी पिशवी पुढे केली. ते सोबतच घेऊन आले होते. “कबूल करायचं ठरवूनच निघालो होतो. दारातून तुझं तोंड बघितलं आणि पुन्हा पाय मागे गेले.”

ताईने पिशवी घेतली.

“पण एक ऐक,” ते म्हणाले. “नुसती माझी लाज असती, तर मी काल चोरी केली नसती. मी मागे सरकल्यानंतर कॅमेरा बंद नव्हता झाला. त्याच्या पुढचं तू बघू नकोस.”

६

तिने ते सगळ्यांसमोर लावलं.

“बाबांची बाजू मांडायची म्हणून आणलंय,” ती म्हणाली. “आपल्याला सोयीचं तेवढंच दाखवायचं, तर ती कसली बाजू?” प्रोजेक्टर घरघरायला लागला. सभागृह तुडुंब होतं. माझी बायको माझ्या शेजारी होती आणि, मी शपथेवर सांगतो, टक्क जागी होती.

काय होतं ते! मुकी, करड्या रंगाची चित्रं. एक साधं आवार, एक टाकी, वर चढत जाणारी एक लहान मुलगी. ती वर पोचल्यावर मात्र दिग्दर्शकाने कॅमेरा तिच्यावर नेलाच नव्हता. ती मुलगी पडणार हे तो खालच्या लोकांच्या चेहऱ्यांवर दाखवत होता. धुणं पिळणारी बाई थांबते, सायकलवाला पाय टेकतो, आणि मग सगळ्यांमधून एक माणूस शांतपणे चालत येतो आणि वर बघतो. त्या बघण्याने माझ्या अंगावर काटा आला. असं कुणी खाली उभं असेल, तर माणूस पडायला भिणार नाही. इतकी वर्षं मी या चित्रपटासाठी भांडलो ते न बघता. बघितल्यावर कळलं की मी कमीच भांडलो.

मग ती पडली. हिरो मागे सरकला. चौकटीच्या कडेने एक जाडा, टाय घातलेला माणूस धडपडत आत आला, हात वर केले आणि मुलीसकट मातीत कोसळला.

सभागृहातून एक हुंकार उठला. मागच्या रांगेतून हिरो उभे राहिले. “सरकला तो मी,” ते मोठ्याने म्हणाले, आणि उभेच राहिले.

पण रीळ चालू होतं. माती झटकली गेली. लोक गोळा झाले, पांगले. कुणीतरी जाळी पुन्हा बांधायला घेतली. आणि मग कॅमेऱ्यासमोर पाटी आली: टेक दोन. पाटीच्या मागे दिग्दर्शक दिसत होते, डोळ्यांत भलतंच तेज. त्यांनी मुलीचा हात धरला होता आणि ते तिला समजावत समजावत पुन्हा टाकीच्या शिडीकडे नेत होते. ती मान हलवून नको म्हणत होती. पहिल्या पायरीवर तिचा पाय पडला, तेवढ्यात एक पंजा आला आणि भिंगावर दाबला गेला. पडदा काळा झाला.

तो पंजा कुणाचा, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

दिवे लागले. ताई व्यासपीठावर गेली. तिने माइक खाली ओढून घेतला.

“आजचा विषय आहे, चालला असता का,” ती म्हणाली. “ती वर चढणारी मुलगी मी आहे. पण बघताना, खरं सांगते, ती मी आहे हे मी विसरून गेले. पुढे काय होणार म्हणून श्वास रोखून बसले. इतकं चांगलं आहे ते. चालला असता. वर्षभर उतरला नसता. बाबा फार मोठे कलावंत होते.” तिने पडद्याकडे पाहिलं. “आणि त्या दिवशी त्यांना माझ्याहून शॉट मोठा वाटला. हेही खरं आहे. दोन्ही मी आज बघितलं.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते लोकांना कळेना. दीडतारे रडत होते. हिरोंच्या शेजारचा एक अनोळखी म्हातारा त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवत होता.

ताई व्यासपीठावरून उतरली ती सरळ पहिल्या रांगेत शेठच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मी जवळच होतो, म्हणून ऐकू आलं.

“पिक्चर आपटला असता, असं सगळ्यांना सांगत राहिलात. मलासुद्धा.”

“काय सांगायला हवं होतं?” शेठ म्हणाले. “चालला असता की नाही, मला कुठे ठाऊक होतं? तुझे बाबा दुसरा टेक घेणार, हे ठाऊक होतं. मग तिसरा. ऐकणाऱ्यातला नव्हता तो. पिक्चर बंद करण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.”

“मला सांगायचं होतंत.”

“बापाबद्दल? लहान मुलीला? आणि मोठी झाल्यावर तू त्यांच्यासाठी इतकी छान भांडायचीस, की सांगवेना. म्हटलं, मला शिव्या देऊन तिचा बाप तिला पुरता मिळतोय, तर मिळू दे.”

ताई त्यांच्या पायाशी, खाली जमिनीवर बसली. डोळे पुसले, हसायचा प्रयत्न केला.

“शेठकाका, खूप जड होते का हो मी?”

शेठनी खांद्यावरची शाल सावरली.

“झेललं तेव्हा? छे गं. काहीच वजन नव्हतं तुझं,” ते म्हणाले. “जड झालीस ती नंतर.”